चौकटीतले पाच सेकंद

१

लोकांना वाटतं, मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला मोबाइल कळावा लागतो. त्याला माणसांचा मूर्खपणा कळला म्हणजे पुरे, मोबाइल आपोआप कळतो. नांदुऱ्याला स्टेशन रोडवर माझं दुकान आहे. अकरा वर्षांत फोनचं नेमकं काय केलं हे खरं सांगणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. फोन विहिरीत पडलेला असतो, पोराने चावलेला असतो, फवारणीच्या पंपात बुडालेला असतो. काय केलं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच. "काई नाई केलं भाऊ, असंच झालं."

माझा खरा धंदा कुलूप काढण्याचा. कंपनी दोन-तीन वर्षांनी फोनला अपडेट देणं बंद करते. फोन धडधाकट असतो, पण ॲप म्हणतं की तुमचं सॉफ्टवेअर जुनं झालं, मी चालणार नाही. नवं भरावं तर कंपनीने आतून कुलूप लावलेलं. मी ते काढतो, इंटरनेटवर कोणा भल्या माणसाने फुकट ठेवलेलं सॉफ्टवेअर भरतो, आणि म्हातारा फोन पुन्हा चालायला लागतो. यात धोका आहे. वॉरंटी जाते, बँकेचं ॲप रुसतं, फोनचा दगडही होऊ शकतो. त्यावर कधी कंपनीचं अपडेट चढलं तर फोन उंबरठ्यावरच अडकतो, पुढे म्हणून जात नाही. हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार?

एक अडचण मात्र होती. कुलूप काढलेला फोन सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजीत ताकीद देतो की माझं कुलूप उघडलेलं आहे, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मग पाच सेकंद तसाच थांबतो आणि पुढे जातो. गिऱ्हाईक घाबरायचं. कोणाच्या तरी शिकलेल्या पोरीने वाचून दाखवलं की संपलं. मग मी त्या ताकिदीवर चित्र चिकटवायला लागलो. ताकीद झाकली जायची, पण ते पाच सेकंद काही केल्या निघायचे नाहीत, कारण ते फोनच्या अशा भागात असतात जिथे माझाही हात पोचत नाही.

सुरुवातीला मी फुलंबिलं टाकायचो. मग एकाने मेलेल्या बापाचा फोटो आणला. म्हणाला, "फोन लावला की पयले बाबाचं दर्शन झालं पायजे." झालं, खेड्यातल्या माणसाला एकदा असली कल्पना सुचली की ती खरजेसारखी पसरते. मेलेले बाप, मेलेल्या सासवा, एकाचा मेलेला बैलसुद्धा आला. मी एकदाच मेहनत करून एक चौकट बनवून ठेवली. लाकडी फ्रेम, झेंडूचा हार, खाली दोन उदबत्त्या. मध्ये फोटो टाकायचा आणि फोन हातात द्यायचा. सगळ्यांना तीच चौकट, तोच हार. कोणाला कळतंय?

२

रुक्मिणीबाई धामणगाव बढ्याची. वांगी, मिरच्या, थोडा झेंडू करते. तिच्या फोनमध्ये मी तिच्या नवऱ्याला, वामनरावांना, बसवून दिलं होतं. बसवून म्हणजे उभं. फोटो कोणाच्या लग्नातला होता, माणूस हात सरळ सोडून शाळेच्या प्रार्थनेत उभा असल्यासारखा उभा.

दिवाळीनंतर ती दुकानात आली. टोपली बाहेर ठेवली आणि फोन दोन्ही हातांनी काउंटरवर ठेवला.

"भाऊ, याईले थोडा कमी टाइम उभं करत जा."

"कोणाले?"

"याईले. लय वेळ उभं राहा लागते. थकतात हे."

मी हसू आवरलं नाही. आवरायचं काही कारणही नव्हतं. "मावशी, फोटो हाये तो. फोटो थकत नसते."

"थकतात," ती म्हणाली. "पयले पाच आकडे मोजले की जायचे. आता अकरा होतात."

मी फोन बंद करून पुन्हा लावला. चौकट आली, हार आला, वामनराव आले. मी मनात मोजलं. अकरा. दुकानातलं घड्याळ लावून पुन्हा मोजलं. बारा.

आता याला कारणं पन्नास असतात. जुन्या फोनची मेमरी झिजते, बॅटरी कमी पडते, उन्हात ठेवला असेल. मी तिला यातलं एक सांगून वाटेला लावलं. पण ती थांबण्याची मुदत फोनमध्ये पक्की लिहिलेली असते. पाच म्हणजे पाच. फोन कितीही म्हातारा झाला तरी त्याला मोजता येतं. हे मला माहीत होतं, आणि म्हणून त्या दिवशी जेवण नीट गेलं नाही.

३

आमच्या घरात असल्या गोष्टींना जागा नाही. माझे वडील इंद्रभान मास्तर. देऊळघाटला हायस्कुलात विज्ञान शिकवत होते, निवृत्त झाल्यावर माझ्याकडे राहायला आले. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आई गेली तेव्हा मी तिचा फोटो लावायला काढला, तर म्हणाले, "फोटोत माणूस नसते. ठेव पेटीत." ठेवला.

बाबांची जीभ म्हणजे तुरीची काडी, लागली की वळ उठायचा. आणि ती भलती वेगवान. समोरच्याचं वाक्य त्यांनी आयुष्यात पूर्ण होऊ दिलं नाही. "बाबा, चहा..." म्हटलं की "आण." "बाबा, आज..." म्हटलं की "नाई." समोरच्याने हात जोडायच्या आत त्यांचा "जय भीम" होऊन जायचा. मला ते 'मेकॅनिक' म्हणायचे आणि ते कौतुक नव्हतं. दुपारी दुकानात येऊन खुर्ची अडवायचे आणि माझ्या गिऱ्हाइकांना नावं ठेवायचे. माझा स्वभाव कोणावर गेला हे वेगळं सांगायला नको. हा एकच माणूस असा होता की ज्याला मी मूर्ख म्हणू शकलो नाही.

आठ दिवसांनी रुक्मिणीबाई पुन्हा आली, तेव्हा बाबा तिथेच होते. आता फोन वीस सेकंद घ्यायचा. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "खांदा पाहा, भाऊ."

वामनरावांचा डावा खांदा उतरला होता. जरासाच. खूप वेळ उभ्या असलेल्या माणसाचा उतरतो तसा.

"फोटो ताणल्या गेला असन," मी म्हणालो.

"एक खुर्ची टाकून द्या न त्यात. बसतीन."

बाबा फिस्सकन हसले. "मेकॅनिक, खुर्ची दे बे पाहुण्याले!"

मला राग आला. तिचा, त्या उतरलेल्या खांद्याचा, आणि मला त्याची भीती वाटली याचाही. मी ड्रॉवरमधून माझा जुना फोन काढला, कुलूप काढलेला. बाबांचा एक फोटो माझ्याकडे होता, याच दुकानाच्या दारात काढलेला, हात सरळ सोडून उभे. तो मी चौकटीत टाकला. हार त्या चौकटीतच होता. तो काढायला अर्धा तास लागला असता आणि मला अर्धा तास नव्हता.

"पाहा मावशी. हे माझे बाबा, हे इथंच बसून हायेत. टाकले फोटोत. काई झालं?"

तिने पदर तोंडाला लावला. "काढ ते. जित्या माणसाले हार नसते घालत, बापा. काढ."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी काढला असता, असं मी आता स्वतःला सांगतो.

"राहू दे बे," बाबा म्हणाले. "प्रयोग हाये हा. दहा दिवस ठेव अन मंग दाखव तिले."

४

दोन दिवसांनी सकाळी मी विचारलं, "बाबा, पेपर..."

ते काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघत होते, चेहरा नेहमीचाच. मला माझं वाक्य पूर्ण करावं लागलं, आणि ते इतकं विचित्र वाटलं की माझा आवाज चिरकला. "पेपर वाचून झाला काय?"

"झाला," ते म्हणाले. मधे पाच सेकंद गेले होते.

वय झालं, मी म्हटलं. कान गेले असतील. समताला, माझ्या बायकोला, काही सांगितलं नाही, पण तिलाच आधी कळलं होतं. "मामाजी ऐकतात," ती म्हणाली. "ऐकतात अन थांबतात. कोणी सांगतलं की मंगच बोलतात असं वाटते."

मी त्यांना बुलडाण्याला डॉक्टरकडे नेलं. डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं उत्तम. डॉक्टरने त्यांना नाव विचारलं. बाबांनी पाच सेकंदांनी सांगितलं. डॉक्टर मला म्हणाला, वडील विचारी दिसतात. मूर्ख माणूस. त्याने माझ्या बापाला आधी पाहिलं असतं तर असं म्हणाला नसता.

परत येताना बसमध्ये मी खिशातला जुना फोन काढला. नुसता बघावा म्हणून बंद करून लावला. चौकट, हार, बाबा. सहा. मोजायला चुकलो असेन म्हणून पुन्हा लावला. सात. बाबा खिडकीपाशी बसले होते. मी विचारलं, "बाबा, पाणी पायजे?" आणि मनात मोजलं.

सात.

मी विज्ञानाच्या मास्तरचा मुलगा. एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही, पुन्हा मोजायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. मी घरी जाऊन पुन्हा मोजलं. दुकानात मोजलं. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं. फोन बंद करायचा, लावायचा, आकडा लिहायचा, मग बाबांना काहीतरी विचारायचं. दोन्ही आकडे जुळायचे. अकरा, अकरा. चौदा, चौदा. कुठेतरी चुकेल म्हणून मी मोजत राहिलो.

आकडा सोळावर पोचला तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आकडा दिवसाने वाढत नव्हता. मी फोन लावला की वाढत होता. पुन्हा पुन्हा खात्री करून घेणारा मीच तो वाढवत होतो.

५

फोटो काढून टाकणं हा सरळ उपाय होता. मी काढला. पण काढल्यावर फोन एकदा लावावाच लागतो. चौकट आली, हार आला, बाबा आले. सतरा. पुन्हा काढला, तिथे कोरा काळा रंग भरला. कॉम्प्युटर म्हणाला, काम झालं. बाबा आले. अठरा. सगळं सॉफ्टवेअर पुसून कंपनीचं मूळचं भरलं, आता चौकटीऐवजी कंपनीची खूण उमटायला हवी होती. बाबा आले. एकोणीस. तिथे मी थांबलो.

मी हात टेकले. फोन चालू ठेवायचा, बस. बंद होऊ द्यायचा नाही. चार्जर लावून दुकानातल्या इन्व्हर्टरला जोडून ठेवला. कंपनीकडून अपडेट येण्याचे सगळे रस्ते मी स्वतः तोडले, दोनदा तपासले, सिमकार्ड काढलं, वायफाय बंद केलं. एकोणीस सेकंदांचा बाप चालवून घेता येतो. लोक याहून वाईट चालवून घेतात. समता आता त्यांना प्रश्न विचारून भाजी निवडायला बसायची, चार शेंगा सोलून होईपर्यंत उत्तर यायचं.

एका संध्याकाळी मी त्यांच्याशेजारी बसलो. पहिल्यांदाच मला त्यांच्याशी नीट बोलावंसं वाटलं, आणि लाजही वाटली.

"बाबा, तुमाले काई होते काय? दुखते काय कुठं?"

ते माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांत ओळख पूर्ण होती. बाहेर मालगाडी जात होती, तिचे डबे मी मोजले नाहीत, दुसरंच मोजत होतो.

"पाय दुखते बे," ते म्हणाले. "उभं राहून राहून."

ते सकाळपासून खुर्चीतून उठले नव्हते.

६

परवा दुपारी साडेबाराला ड्रॉवरमधून टिंग असा आवाज आला. फोनवर सूचना होती. अपडेट तयार आहे. फोन साडेतीन वाजता पुन्हा सुरू होईल.

सिम नाही, वायफाय नाही, रस्ते तोडलेले. अपडेट आलं कुठून? मी 'नंतर' दाबलं. एक वाजता पुन्हा आलं. 'नंतर' दाबलं. दोन वाजता आलं तेव्हा त्यावर 'नंतर' नव्हतंच. नुसती वेळ होती. साडेतीन. मी काय काय केलं ते सांगत नाही. अकरा वर्षांत जे शिकलो ते सगळं केलं. बाबा समोर खुर्चीत बसले होते, माझी धडपड बघत होते. पूर्वीचे असते तर म्हणाले असते, "मेकॅनिक, घाम पुस."

सव्वातीनला रुक्मिणीबाई आली. तिला पाहून मला बरं वाटलं, यावरून माझी काय दशा झाली होती ते समजा.

"मावशी, तुमच्यावाला फोन किती वेळ लावते आता?"

"आता लागतच नाई तो," ती म्हणाली. "अपडेट का काय म्हणे, ते झालं अन तवापासून हेच असतात. फोन नको मले. लय बरं हाये आता. बसले."

"कोण बसले?"

तिने पिशवीतून फोन काढून माझ्यापुढे धरला. मला बघायचं नव्हतं. बघितलं. लाकडी फ्रेम, झेंडूचा हार, दोन उदबत्त्या. मध्ये मागची भिंत, जी माणसामुळे कधी दिसली नव्हती. आणि फ्रेमच्या अगदी खालच्या काठाला पांढरे केस, नीट भांग पाडलेले. कोणी चौकटीच्या पलीकडे खाली बसलं असेल तर वरून जितके दिसतील तितकेच.

केस जरा हलले, असं मला वाटलं. मी तिचा फोन काउंटरवर उलटा ठेवला.

"बाबा," मी मोठ्याने म्हणालो, "चहा सांगू काय?"

मला त्यांचं उत्तर साडेतीनच्या आत पाहिजे होतं. एकोणीस सेकंद लागतात, वेळ भरपूर होता. पण दुकानातलं घड्याळ मागे पडतं. ते दुरुस्त करायचं मी दोन वर्षं टाळत होतो, हार काढायचं टाळलं तसंच.

उघड्या ड्रॉवरमध्ये फोन काळा झाला. मग चौकट आली. हार आला. बाबा आले, दुकानाच्या दारात, हात सरळ सोडून उभे. मी मोजायला लागलो. एकोणीस झाले. वीस झाले. तीस. साठपर्यंत मला आशा होती.

खुर्ची करकरली. बाबा उठत होते. आधाराशिवाय, सावकाश, जसं कोणी नाव पुकारल्यावर उठावं. दोन पावलं टाकून दुकानाच्या दारात गेले, आमच्याकडे तोंड केलं, हात सरळ सोडले आणि थांबले. तोंड जरासं उघडं होतं, चहाचं उत्तर द्यायला उघडलेलं. डोळे माझ्यावर होते. त्यांत ओळख होती. तीच मला सहन होईना.

"बाबा, बसा. बसा न, बाबा." मी त्यांचे खांदे दाबले. गुडघे वाकेनात. अंग गरम होतं.

रुक्मिणीबाईने पिशवी खाली ठेवली. पदर डोक्यावर घेतला, माझ्या बापासमोर उभी राहिली आणि फोटोला जोडतात तसे हात जोडले. बाबांच्या आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचा नमस्कार पुरा झाला.

"घाई नको करू, भाऊ," ती मला समजुतीने म्हणाली. "बसतात मंग. याईले दोन महिने लागले."

नंतर काही वेळ मी फक्त मोजत होतो. सातशेच्या पुढे कुठेतरी समता आली, बहुतेक शेजारच्या दुकानदाराने तिला फोन केला असावा. दारात उभ्या मामाजींच्या बाजूने अंग चोरून ती आत शिरली. त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हाताला हात लावला, मग ड्रॉवरमधल्या उजेडाकडे पाहिलं. चौकट तिला दिसली, हार दिसला.

"काय केलं तुमी?" तिने विचारलं. "मामाजीले काय केलं?"

मी तिच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला.

"काई नाई," मी म्हणालो. "असंच झालं."